सगळ्यात लोकप्रिय बोर्ड कोणता, आणि तो तुमच्या बागेत टिकेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गुहागरकडचे, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजात ८०५१ ही जुनी चिप शिकवतात. मित्र म्हणतात आर्डुइनो संपला. व्हिडिओवाले ईएसपी३२ सोडून बोलत नाहीत, आणि पुण्यात नोकरीला लागलेला एक सिनियर सांगतो की खरे इंजिनियर एसटीएम३२च वापरतात. घरच्या नारळ-सुपारीच्या बागेत पंप आणि टाकीसाठी काहीतरी करायचंय. म्हणून, ‘हौशी लोकांत आज सगळ्यात लोकप्रिय मायक्रोकंट्रोलर प्लॅटफॉर्म कोणता ते आकडेवारीसह सांगा, तोच घेतो.’

मी सिंधुदुर्गात पंपांचे स्टार्टर, इन्व्हर्टर आणि त्यांतले कंट्रोल बोर्ड दुरुस्त करतो आणि सुट्टीत शाळकरी मुलांना मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपेतला छोटा संगणक, शिकवतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावर वेगवेगळ्या रूपांत येत असतो. विचारणाऱ्याला लोकप्रियतेशी तसं काही देणंघेणं नसतं. रात्री अकराला बोर्ड चालेनासा झाला तर उत्तर कुठे सापडेल, जळला तर दुसरा कधी हातात पडेल, आणि आज शिकलेलं पुढे उपयोगी पडेल का, ही त्याची काळजी असते. लोकप्रियता ही या तिन्हींची खूण म्हणून आपण पाहतो. ती खूण बऱ्याचदा बरोबर निघते, पण कधी चुकते ते कळलं पाहिजे. म्हणून आधी आकड्यांबद्दल बोलू, मग बोर्डांबद्दल, आणि शेवटी तुमच्या बागेबद्दल.

सगळे हौशी लोक मोजून काढलेला एकच आकडा मिळत नाही. मिळतात त्या अप्रत्यक्ष खुणा. गूगलवर कोणता शब्द किती शोधला जातो, मंचांवर कशाबद्दल किती प्रश्न पडतात, किती चिपा विकल्या गेल्या, किती व्हिडिओ निघाले. यातली प्रत्येक खूण वेगळ्या बाजूला झुकलेली असते.

शोधाचा आलेख घ्या. गूगल ट्रेंड्स खरी संख्या दाखवत नाही. निवडलेल्या काळातला सगळ्यात उंच बिंदू १०० धरून बाकीचं त्या प्रमाणात दाखवतं. त्यात ‘आर्डुइनो’ आणि ‘ईएसपी३२’ शेजारी टाकले की आर्डुइनोची रेघ उतरताना आणि दुसरी चढताना दिसेल, आणि तुमच्या मित्रांनी बहुतेक तेच पाहिलं असावं. पण ईएसपी३२ घेणारे बहुतेक हौशी लोक त्यावर प्रोग्रॅम चढवतात तो आर्डुइनोच्याच सॉफ्टवेअरमधून, आर्डुइनोच्याच पद्धतीने, आर्डुइनोसाठी लिहिलेल्या लायब्ररी (तयार कोडचे संच) वापरून. असा माणूस कोणत्या रेघेत मोजायचा? तो अडला की कधी एक शब्द शोधतो, कधी दुसरा. दोन्ही आलेखांत तोच माणूस बसलेला असतो, आणि आपण त्यांची झुंज लावून पाहत असतो.

प्रश्नांची संख्या तर त्याहून फसवी. दवाखान्याबाहेर रांग मोठी दिसली म्हणून गाव तंदुरुस्त आहे असं कुणी म्हणत नाही. ज्या बोर्डाबद्दल प्रश्न जास्त, तो जास्त लोक वापरत असतील किंवा तो जास्त छळत असेल. शिवाय २०२२च्या अखेरीस चॅटबॉट आले आणि लोक मंचावर विचारायचेच कमी झाले. तेव्हा २०१५चे प्रश्न आणि आजचे प्रश्न यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

विक्रीचा आकडा तरी पक्का वाटतो ना? ईएसपी३२ बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीने २०२३ मध्ये आपल्या एकूण १ अब्ज चिपा बाजारात गेल्याचं जाहीर केलं. आकडा मोठाच आहे, पण त्यातल्या कितीतरी चिपा वायफायवर चालणाऱ्या दिव्यांत, प्लगांत, घरगुती उपकरणांत बसून विकल्या गेल्या. तो दिवा घेणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ताही नसतो. उलट आर्डुइनोचा नकाशा पहिल्यापासून खुला असल्याने त्याच्या नकला कुणीही काढतो, आणि त्या नकला मूळ कंपनीच्या विक्रीत दिसतच नाहीत. आपल्याकडे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दिसणारा ऊनो, म्हणजे आर्डुइनोचा नेहमीचा बोर्ड, जवळजवळ नेहमी नक्कलच असतो. एका बाजूचा आकडा फुगलेला, दुसऱ्या बाजूचा दबलेला.

माझ्या टेबलाचीही साक्ष घ्या, पण तीही जपून, कारण माझ्याकडे येतं ते बिघडलेलं. मुलांकडून आणि शिक्षकांकडून येतात ऊनोच्या नकला. स्वतः खटपट करणारे बागायतदार, होमस्टेवाले, मत्स्यशेतीवाले यांच्याकडून येतात ईएसपी३२ आणि त्याचा थोरला भाऊ ईएसपी८२६६. रास्पबेरी पाय कंपनीचा पिको येतो तो मी वर्गात ज्यांना दिला त्यांच्याकडून, म्हणजे ती लोकप्रियता मीच पेरलेली. आणि बाजारातला तयार इन्व्हर्टर किंवा स्टॅबिलायझर उघडला की आत पीआयसी जातीचा मायक्रोकंट्रोलर, नाहीतर नंबर घासून टाकलेली एखादी चिप. हौशी लोकांचं जग आणि कारखान्याचं जग किती वेगळं आहे ते तिथे दिसतं.

आता बोर्डांकडे. यांचा क्रम लावण्यापेक्षा कोण कशामुळे वर आला हे पाहिलं तर निवड सोपी होते.

तुमच्या कॉलेजचा ८०५१ इंटेलने १९८० मध्ये आणला. मूळ चिपेत ४ किलोबाइट प्रोग्रॅमची जागा आणि अवघी १२८ बाइट रॅम. अ‍ॅनालॉग म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज मोजायची सोय नाही. तरी तो अभ्यासक्रमात टिकून आहे, कारण त्याची रचना एका कागदावर मावते, टायमर आणि इंटरप्ट नीट समजतात, पुस्तकं आणि प्रयोगशाळेतली किट्स आधीपासून आहेत. त्याला नावं ठेवू नका. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत ज्याने ८०५१चे रजिस्टर एकदा हाताने भरलेत, त्याला पुढचं काही शिकवताना माझा निम्मा वेळ वाचतो. मात्र हौस म्हणून आज तो नव्याने घेणारे फार थोडे. वेगळा प्रोग्रॅमर लागतो आणि तयार लायब्ररी नाहीत. तुमच्या परीक्षेपुरता तो चोख करा, बागेत नेऊ नका.

आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावच्या डिझाइन संस्थेत सुरू झाला. मास्सिमो बान्झी आणि त्यांचे सहकारी यांना इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वस्त बोर्ड हवा होता. त्याआधी एर्नान्दो बार्रागान यांनी तिथेच ‘वायरिंग’ हा प्रकल्प केला होता, आणि त्याच पायावर हे उभं राहिलं. चिप काही विशेष नव्हती. विशेष होतं ते एवढंच, की एक केबल लावा, एक बटण दाबा, प्रोग्रॅम चढला. प्रोग्रॅमर नको, रजिस्टर नको. ऊनोवरची अ‍ॅटमेगा३२८पी ही ८ बिटची, १६ मेगाहर्ट्झची, ३२ किलोबाइट फ्लॅश आणि २ किलोबाइट रॅमची चिप आज कागदावर हास्यास्पद वाटते. पण ती ५ व्होल्टवर चालते आणि बऱ्याच चुका पोटात घालते. पोरं उलटसुलट वायरी लावतात, तरी बोर्ड दुसऱ्या दिवशी चालू असतो. नव्या बोर्डांत हा गुण दुर्मिळ झालाय.

ईएसपीची गोष्ट इथूनच पुढे सुरू होते. २०१४ मध्ये ईएसपी८२६६ लोकांच्या हाती आला तो आर्डुइनोला वायफाय जोडायची स्वस्त चकती म्हणून. कागदपत्रं चिनी भाषेत होती, ती हौशी लोकांनी लावून घेतली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की या चकतीतली चिप ऊनोपेक्षा ताकदवान आहे, तिला आर्डुइनोची गरजच नाही. वर्षभरात आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधून तिच्यावर थेट प्रोग्रॅम चढू लागला आणि २०१६ मध्ये ईएसपी३२ आला. दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० किलोबाइट रॅम, वायफाय आणि ब्लूटूथ, तेही नकली ऊनोच्या आसपासच्या किमतीत. आर्डुइनोने जमवलेल्या माणसांच्या आणि लायब्ररींच्या खांद्यावर बसूनच ईएसपी वर आला.

आर्डुइनो कंपनीही आता त्याच वाटेने चालली आहे. तिच्या २०२१च्या एका नॅनोवर (आर्डुइनोचा छोटा बोर्ड) रास्पबेरी पायची आरपी२०४० चिप आहे, २०२३च्या दुसऱ्या नॅनोवर ईएसपी३२. २०२३च्या ऊनो आर४ वर रेनेसासची चिप, आणि त्याच्या वायफाय आवृत्तीत जोडीला ईएसपी३२-एस३. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉमने आर्डुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा सोबत आलेल्या ऊनो क्यू वर लिनक्स चालवणारा प्रोसेसर आणि शेजारी एसटीएम३२ आहे. तेव्हा ‘आर्डुइनो की ईएसपी’ हा प्रश्न आता ‘एसटी की खासगी गाडी’ असा राहिलेला नाही. आर्डुइनो ही प्रोग्रॅम लिहायची पद्धत झाली आहे. खाली कुणाची चिप हा दुसरा प्रश्न. मित्रांना हे सांगा.

रास्पबेरी पाय पिको जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरला आला. त्याला मोठ्या रास्पबेरी पायशी गोंधळू नका. तो लिनक्स चालवणारा संगणक, हा साधा मायक्रोकंट्रोलर. दोन कोअर, १३३ मेगाहर्ट्झ, २६४ किलोबाइट रॅम. आला तेव्हा जगभर चिपांचा दुष्काळ होता, एसटीएम३२ मिळेनात आणि मिळाल्या तर भाव अवाच्या सव्वा. पिको मात्र मिळत राहिला, त्याचा त्याला मोठा फायदा झाला. २०२२ मध्ये वायफायवाला पिको डब्ल्यू आला, २०२४ मध्ये पिको २. त्याची कागदपत्रं इतकी स्वच्छ आहेत की वाचून खरोखर कळतं. आणि माझ्यासारख्या शिकवणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा एक गुण फार मोलाचा आहे: बटण दाबून केबल लावली की तो संगणकाला पेन ड्राइव्हसारखा दिसतो. शाळेतल्या जुन्या संगणकांचा पासवर्ड बदली होऊन गेलेल्या गुरुजींकडे असतो, ड्रायव्हर टाकता येत नाही. तिथे ऊनोची नक्कल तिच्यावरच्या सीएच३४० या यूएसबी चिपेच्या ड्रायव्हरवाचून अडते आणि पिको चालतो. मायक्रोपायथन, म्हणजे छोट्या चिपांसाठीची पायथन भाषा, असल्याने मुलांना एकेक ओळ लिहून लगेच दिवा लागलेला दिसतो.

एसटीएम३२ बद्दल तुमच्या सिनियरचं म्हणणं त्याच्या जगात बरोबर आहे. २००७ पासूनचं हे कुटुंब उद्योगात सर्वत्र आहे. डीबगर लावून प्रोग्रॅम ओळीओळीने थांबवून पाहायची शिस्त तिथे लागते, आणि नोकरीच्या मुलाखतीत ती दिसते. पण ‘ब्लू पिल’ नावाचा स्वस्त बोर्ड घेऊ नका. त्यावर मूळ चिपेऐवजी भलतीच बसवलेली असण्याची शक्यता फार आणि नवशिक्याला चूक आपली की चिपेची हेच कळत नाही. शिकायचंच तर एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या मूळ कंपनीचा न्यूक्लिओ बोर्ड घ्या, त्यावर डीबगर बसवलेलाच येतो. आणि हो, पुण्यातली वाहन उद्योगाची नोकरी डोळ्यासमोर असेल तर हे सगळं ठीक. लोटे परशुरामच्या एमआयडीसीत जायचं असेल तर तिथल्या पॅनेलांत पीएलसी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा तयार कंट्रोलर, असतो, यातलं काहीच नाही.

राहिला मायक्रोबिट. ब्रिटनमध्ये २०१६ पासून शाळकरी मुलांना लाखांनी वाटला गेला, तिथे लोकप्रिय. इकडे मला क्वचित दिसतो.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर, पद्धत म्हणून आर्डुइनो अजून सर्वांत पसरलेली, वायफाय लागणाऱ्या घरगुती प्रकल्पांत चिप म्हणून ईएसपी३२ पुढे, शिकवण्यात पिको जोरात, नोकरीच्या तयारीत एसटीएम३२, आणि परीक्षेत ८०५१. कुणी याहून नेमकी टक्केवारी सांगत असेल तर ती कुठे मोजली ते आधी विचारा.

लोकप्रियतेची एक काळी बाजूही आहे, आणि ती व्हिडिओत कुणी सांगत नाही. जितकं जास्त लिहिलं गेलंय तितकं जास्त जुनं झालंय. ईएसपी३२ साठीच्या आर्डुइनो सॉफ्टवेअरची तिसरी मोठी आवृत्ती २०२४ मध्ये आली, तेव्हा दिव्याचा प्रकाश किंवा मोटरचा वेग कमी-जास्त करण्याची जुनी फंक्शन्स काढून नवी आणली गेली. त्यामुळे आधीच्या व्हिडिओंतला कोड जसाच्या तसा टाकला की लाल अक्षरांचा पाऊस पडतो. चॅटबॉटही तोच जुना कोड बिनधास्त देतो, आणि ईएसपी८२६६ची ओळ ईएसपी३२ मध्ये घालतो. यावर उपाय एकच: व्हिडिओची किंवा लेखाची तारीख बघा, आणि लायब्ररीसोबत येणारं उदाहरण आधी चालवा. ते चाललं की मगच दुसऱ्याचा कोड.

आता तुमची बाग. इथे जगातली लोकप्रियता बाजूला ठेवून तीन गोष्टी पाहाव्या लागतात, आणि तिन्ही आपल्या किनाऱ्याच्या आहेत.

पहिली, वस्तू मिळणं. तालुक्याच्या ठिकाणी टीव्ही-मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर), कपॅसिटर, रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) मिळेल. बोर्ड मिळाला तर ऊनोची नक्कल. बाकी सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणाच्या तरी हाती किंवा कुरियरने. घाट बंद पडला की कुरियर अडकतं. म्हणून जो बोर्ड निवडाल तो एकाऐवजी दोन घ्या. ही चैन नव्हे. एक चालेनासा झाला की दुसरा लावून चूक बोर्डाची की वायरिंगची हे दहा मिनिटांत कळतं. दुसरा नसला तर आठवडा जातो. पार्सल येईपर्यंत वोक्वी नावाच्या संकेतस्थळावर ऊनो, ईएसपी३२, पिको तिन्ही ब्राउझरमध्येच चालवून बघता येतात. फक्त खऱ्या वायरी तिथे सैल होत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी, हवा. खाडीकाठी, समुद्राकाठी ब्रेडबोर्डवरचं काम एक पावसाळाही काढत नाही. आतल्या पट्ट्या काळ्या पडतात, जंपर वायरींच्या टोकांना हिरवट थर चढतो, आणि बोर्ड अधूनमधून चालतो-बंद पडतो. अशा वेळी लोक प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. प्रयोग ब्रेडबोर्डवर करा, पण बागेत जाईल ते सगळं सोल्डर केलेलं, फ्लक्स धुतलेलं, वर कोटिंगचा हात दिलेलं असू दे. डबी बंद असावी, वायरी खालून आत घ्याव्यात, म्हणजे पागोळ्यांचं पाणी वायरीवरून आत ओघळत नाही. जमिनीतला ओलावा मोजायचे दोन उघड्या दातांचे स्वस्त सेन्सर येतात, ते तर घेऊच नका. ओल्या मातीत विजेने त्यांचे दात खाल्ले जातात. कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्या आणि त्याच्या वरच्या कडेला, जिथे इलेक्ट्रॉनिक्स असतं तिथे, नीट लेप द्या.

तिसरी, वीज. इथे ऊनो आणि ईएसपी३२ यांतला फरक खरा कळतो. लाइट जाते, येते, पुन्हा जाते. ईएसपी३२ वायफायवर बोलताना मोठा घोट घेतो, म्हणून त्याला निदान ५०० मिलिअँपियर देणारा पुरवठा हवा. मोबाइलच्या फडतूस चार्जरवर तो पुन्हा पुन्हा रीसेट होत राहतो आणि लोक म्हणतात बोर्ड खराब. त्यात पिनांचाही हिशोब आहे. चालू होताना काही पिनांवरची स्थिती पाहून तो कसं सुरू व्हायचं ते ठरवतो. १२ नंबरच्या पिनेला रिले लावलात आणि रिलेच्या बोर्डाने ती पिन वर ओढून धरली, तर लाइट आल्यावर ईएसपी३२ उठतच नाही. टेबलावर आधी प्रोग्रॅम चढवून मग रिले जोडलेला असतो म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं, आणि बागेत पहिल्याच लोडशेडिंगला गाडं अडतं. रिलेसाठी २५, २६, २७, ३२, ३३ या पिना वापरा. ३४ ते ३९ फक्त वाचण्यासाठी आहेत, त्यांनी रिले चालत नाही. अ‍ॅनालॉग सेन्सर ३२ ते ३९ मधल्या पिनांवरच लावा, कारण इतर अ‍ॅनालॉग पिना वायफाय चालू असताना वाचत नाहीत. आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीला मिनिट-दोन मिनिटं काहीच करू नका. लाइट आल्या आल्या व्होल्टेज नाचत असतं, तेव्हा पंप सुरू करणं मोटरला महागात पडतं.

पंप रिलेवर थेट लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको खरं, पण व्हिडिओत लावलेला दिसतो म्हणून सांगतो. निळ्या रंगाचा तो १० अँपियरचा रिले मोटरच्या सुरुवातीच्या झटक्याला चिकटतो. स्टार्टर आहे तसाच राहू द्या. एक रिले हिरव्या बटणाला समांतर, दुसरा लाल बटणाच्या वायरीत ओळीने. म्हणजे ओव्हरलोडचं संरक्षण शाबूत राहतं आणि बोर्ड मेला तरी आई-बाबा हाताने पंप लावू शकतात. मात्र थ्री-फेज स्टार्टरची कॉइल बऱ्याचदा ४१५ व्होल्टची असते, आणि त्या रिलेवर २५० लिहिलेलं असतं. तिथे मधला योग्य रिले लागेल, आणि ते काम वायरमनकडूनच करून घ्या.

नेटवर्कवर बरंचसं अवलंबून आहे. मांगर (बागेतली खोपी) आणि विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर असेल तर वायफाय पुरेल असं वाटतं, पण चिऱ्याच्या जाड भिंती सिग्नल गिळतात. राउटर पडवीत आणून बघा. त्याहून लांब पण झाडांतून वाट मोकळी असेल तर दोन ईएसपी३२ राउटरशिवाय आपसात बोलू शकतात, ईएसपी-नाउ नावाची सोय आहे. व्हाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडे बाग असेल तर लोरा हा लांब पल्ल्याचा रेडिओ, आणि तेव्हा मॉड्यूल भारतात परवानगी असलेल्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचं आहे ना ते पाहून घ्या, कारण दुकानात ४३३ आणि ९१५चेही असतात. सिमकार्डवाला मार्ग धरणार असाल तर जुने स्वस्त मॉड्यूल फक्त टूजीवर चालतात, आणि जिओला टूजी नाहीच. आधी बागेत उभं राहून कोणतं नेटवर्क येतं ते पाहा.

हे सगळं धरून माझं मत: ईएसपी३२चा साधा, जुना, लांब पिनांचा डेव्हलपमेंट बोर्ड घ्या, दोन नग. एस३, सी३, सी६ अशी भावंडं आहेत, पण त्यांच्या पिनांचे क्रमांक वेगळे, आणि मदतीचा मोठा साठा मूळ ईएसपी३२ साठीचा आहे. ३८ पिनांचा बोर्ड रुंद असतो, एका ब्रेडबोर्डवर एका बाजूला भोकंच उरत नाहीत. ३० पिनांचा मिळाला तर बरा. प्रोग्रॅम आर्डुइनोच्या पद्धतीनेच लिहा. सोबत एक नकली ऊनो असू दे. ५ व्होल्टचा सेन्सर चालतो की नाही हे पाहायला तो उत्तम. तोच सेन्सर ईएसपी३२ला जोडताना मात्र मध्ये दोन रेझिस्टर घालून व्होल्टेज ३.३ वर आणा.

हे मत बदलेल कधी? वायफाय मुळीच लागणार नसेल, नुसता टाकी भरली की पंप बंद एवढंच हवं असेल, तर ऊनोसुद्धा जास्त झाला. एक फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगत चालू-बंद होणारा) स्टार्टरच्या लाल बटणाच्या वायरीत टाका, प्रोग्रॅमची भानगडच नको. बंद टाकीत अल्ट्रासॉनिक सेन्सरवर वाफेचे थेंब बसून तो खोटं बोलू लागतो, फ्लोट बोलत नाही. अ‍ॅनालॉग मोजमाप बारीक हवं असेल तर ईएसपी३२चं स्वतःचं मोजणं दोन्ही टोकांना वाकडं असतं, तेव्हा एडीएस१११५ सारखी वेगळी चिप जोडा. बॅटरीवर महिनोन्महिने चालवायचं असेल तर तयार बोर्ड चालणार नाही, त्यावरचा रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप झोपेतही वीज खातात. आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हाच करणार असाल तर गाइड सरांना आधी विचारा. काही ठिकाणी ८०५१चाच आग्रह असतो, मग बागेचा आणि परीक्षेचा असे दोन वेगळे करा.

केबल घेताना ती नुसती चार्जिंगची नाही ना हे पाहा. नवशिक्यांच्या ‘पोर्ट दिसत नाही’ या तक्रारींत निम्म्या वेळा केबलच निघते.

पुढचं सांगायला मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात: स्टार्टरच्या प्लेटचा फोटो, त्यावर कॉइलचं व्होल्टेज वाचता येईल असा, आणि विहीर, टाकी, घर यांतली अंतरं, मध्ये भिंत किंवा चढ आहे का तेही. एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी किती खाली जातं तेही लिहा, कारण पंप कोरडा फिरू नये म्हणून करंट मोजायचा की विहिरीत आणखी एक फ्लोट सोडायचा हे त्यावरून ठरेल.